हलत्या चाळीचा निकाल

बांधकामाच्या साइटवर दोन गोष्टी कुणी न सांगता साचतात. एक डेब्रिज आणि दुसरे किस्से. डेब्रिज न्यायला निदान ट्रॅक्टर तरी येतो. किस्से जिथल्या तिथे पडून राहतात, आणि चहाला चार माणसं जमली की कुणीतरी त्यातला एक उचलून आणतोच. आमच्या घरी तर बायको वैतागलीय. म्हणते, हल्ली तुमच्या ताटात भात कमी आणि चाळ जास्त असते. म्हणून म्हटलं, एकदाचे सगळे सांगून मोकळं व्हावं.

मी गडबचा. आडनाव म्हात्रे, पण साइटवर लहानथोर सगळे भाऊच म्हणतात. वीस-बावीस वर्षं मी रोह्याच्या कंपन्यांसाठी शेड उभ्या केल्या. पत्रा, गर्डर, काँक्रीट, यातलं काहीही सांगा. दगडचुन्याशी माझा संबंध म्हणाल तर गावच्या देवळाला दरवर्षी रंग लावून देतो, तेवढाच. असा मी एका विद्यापीठाच्या कामावर सुपरवायझर म्हणून लागलो, तेही रोह्याजवळच्या वरसे गावाच्या पुढच्या हलत्या चाळीवर.

हलती चाळ म्हणजे बारा खोल्यांची एक लांबच लांब रांग. इंग्रजांच्या काळात लाकडाच्या वखारी असलेल्या कुठल्याशा कंपनीने आपल्या कारकुनांसाठी बांधलेली. काळा दगड, चुना, मंगलोरी कौलं, सागाचे दरवाजे. कोयनेला धरणी हलली तेव्हा हिच्या भिंतींना भेगा पडल्या. पुढे कधीमधी बारीक धक्के बसत राहिले, भेगा वाढत गेल्या, आणि एकेक बिऱ्हाड निघून गेलं. उरली ती नुसती रांग आणि रोहेकरांनी ठेवलेलं नाव.

ती जागा फिरत फिरत विद्यापीठाकडे आली. त्यांनी ठरवलं, लांबच्या गावांतून कॉलेजला येणाऱ्या मुलींसाठी इथे हॉस्टेल करायचं. पण अट अशी होती की आधी सहा खोल्या मजबूत करून दाखवायच्या. मग बाहेरच्या तज्ज्ञांची समिती येणार. समिती 'भूकंपात टिकेल' म्हणाली तर बाराच्या बारा खोल्या होणार. 'नाही' म्हणाली तर सगळी रांग पाडायची आणि तिथे गाड्यांचं पार्किंग करायचं.

तेव्हा आमच्या सगळ्यांच्या मानेवर सहा महिने ती समिती बसलेली होती, हे ध्यानात ठेवा.

* * *

पहिल्या दिवशी विद्यापीठाच्या सबनीस मॅडम आल्या. भूकंपात इमारती कशा वागतात, हा त्यांचा अभ्यास. चणीने लहान, पायात स्पोर्ट शूज, हातात एक छोटीशी हातोडी. डॉक्टर पेशंटच्या पाठीवर बोटं वाजवतो तशा त्या भिंतीवर हातोडी वाजवत आणि कान लावून ऐकत चालल्या होत्या. एका ठिकाणी तर डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता ही बाई नाडी बघणार.

मला वाटलं, आपण अनुभवी माणूस, पहिल्याच दिवशी चांगला सल्ला देऊन टाकावा. म्हटलं, "मॅडम, मला एक जेसीबी आणि दोन दिवस द्या. जागा ताटासारखी साफ करून देतो."

त्यांनी हातोडी खिशात ठेवली. "भाऊ, पाडायला जेसीबी पुरतो. ठेवायला माणूस लागतो. मला वाटलं, ते तुम्ही."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मी मुकाट्याने हेल्मेट घातलं आणि टेपचं दुसरं टोक धरायला गेलो.

* * *

माणसं कामाला लागली त्या पहिल्याच सकाळची गोष्ट. सकाळचे साडेदहा झाले असतील. बिगारी माणसं आत राडारोडा काढत होती. एकदम खिडकीचे गज खडखडायला लागले आणि वरून कौलांतली माती गळायला लागली. कुणीतरी ओरडलं, हलतेय! सगळे बाहेर पळाले. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत पुढे मीच होतो. हेल्मेट आतच राहिलं.

बाहेर येऊन डोकी मोजली तर एक कमी. लक्ष्मण मिस्त्री आतच! हे आमचे दगडकामाचे मुख्य मिस्त्री. राहणार कासूचे, वय सत्तरीच्या घरात, रोज गाडीने रोह्याला येणार. दारातून वाकून बघतो तर मिस्त्री एका दगडावर बसून आरामात तंबाखू मळतायत.

"अहो मिस्त्री, बाहेर या, भूकंप होतोय!"

"मागच्या रुळावरची मालगाडी हाय ती," मिस्त्री म्हणाले. "रोज ह्याच टायमाला जाते. भूकंप येवढा टायमाला येत नाय."

त्या दिवसापासून साडेदहाची मालगाडी हीच आमची चहाची सुट्टी. मॅडमना हा प्रकार कळला तेव्हा मला वाटलं, आता आपली चेष्टा होणार. तर त्या खूश! त्यांच्याकडे कंप मोजायचं एक यंत्र होतं, साबणाच्या वडीएवढं. ते त्यांनी भिंतीला चिकटवलं. म्हणाल्या, फुकटचा धक्का मिळतोय रोज, मोजून घेऊ की. मालगाडीने किती हलवलं याचा आलेख रोज त्यांच्या लॅपटॉपवर उमटायचा. मिस्त्री त्याला गाडीची जन्मपत्रिका म्हणायचे.

* * *

यमुना आमच्याकडे बिगारी म्हणून आली. कुंडलिका नदीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आदिवासीवाडी आहे, तिथली. चुना भिजवायचा, मळायचा, घमेल्याने मिस्त्रींना पोचवायचा, हे तिचं काम. बोलायला कमी. पण पहिल्याच दिवशी तिने मॅडमना गाठून विचारलं, की हिथं पोरी ऱ्हाणार म्हंजे कुणाच्या?

मॅडम म्हणाल्या, ज्यांचं घर लांब आहे त्यांच्या.

तिने मान हलवली आणि कामाला लागली. मला नंतर मिस्त्रींकडून कळलं. यमुनेची पोरगी सुनी बारावी पास झालेली. वाडीवरची पहिलीच. रोह्याच्या कॉलेजात सायन्सला नाव घातलेलं. पण वाडीपासून रस्त्यापर्यंत तासभर चालायचं, मग एसटी मिळेल तेव्हा मिळेल. निम्मी प्रॅक्टिकलं बुडायची. पावसात मधला ओढा भरला की चार-चार दिवस वाडीतून बाहेर पडायची सोय नाही. यमुनेने पोरीला सांगून टाकलं होतं, की पुढच्या पावसाच्या आत ऱ्हायाची सोय झाली तर शिक, नाय तर माझ्यासंगं कामावर चल.

तेव्हापासून ती मला रोज एकच प्रश्न विचारायची. "भाव, समिती कवा येते?"

एक दिवस मी चिडवलं. म्हटलं, "अगो यमुने, समिती म्हणजे काय पोरगी बघायला येणारी मंडळी वाटली काय तुला?"

"तसंच की," ती म्हणाली. "आमची पोर पास झाली. आता भिंत पास व्हायची ऱ्हायलीय."

मी जाऊन सिमेंटची पोती मोजत बसलो. वास्तविक त्या साइटवर सिमेंटची चारच पोती होती.

* * *

दसऱ्याचा किस्सा सांगितला नाही तर कदममामा मला सोडणार नाहीत.

कदममामा आमचे वॉचमन. मॅडमनी प्रत्येक मोठ्या भेगेवर आडवी एक बारीक काचपट्टी चिकटवली होती आणि बाजूला तारीख लिहिली होती. भेग जराशी जरी वाढली तरी काच तडकते, म्हणजे आपल्याला कळतं. दारांच्या वरच्या कोपऱ्यांत भेगा जास्त, त्यामुळे काचाही तिथेच जास्त. दोन महिने एकही काच तडकली नव्हती. मॅडम त्या काचांकडे असं प्रेमाने बघायच्या की काय सांगू.

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही साइटवर आलो, तर दारांवरच्या सगळ्या काचा फुटलेल्या! बारा दारं, एकही सुटलं नव्हतं. मी मॅडमना फोन केला, रांग एका रात्रीत हलली म्हणून. त्या मिळेल त्या गाडीने मुंबईहून निघाल्या. आल्या आल्या यंत्राची नोंद तपासली. काहीच नाही. जमीन हलली नव्हती, सुट्टीत मालगाडीसुद्धा गेली नव्हती.

मग मिस्त्रींनी वर बोट दाखवलं. प्रत्येक दारावर झेंडूचं तोरण. आणि तोरणाच्या दोन्ही टोकांना, बरोबर काचेला खेटून, तीन-तीन इंची खिळे!

मी कदममामांवर असा काही भडकलो की आजूबाजूच्या झाडांवरचे कावळे उडाले. म्हटलं, रिकाम्या घरांना तोरणं कशाला बांधत बसलात? मामा शांतपणे म्हणाले, "घर बंद हाय म्हणून काय त्याला दसरा नाय?"

मला वाटलं, मामांची नोकरी गेली. मॅडमनी चष्मा पुसला आणि मामांना हाताला धरून दारादारापाशी नेलं, तोरणाचे खिळे कुठे ठोकलेले चालतील ते खडूने खुणा करून दाखवलं. काचा परत लावल्या. झेंडू सुकेपर्यंत तोरणं कुणी काढली नाहीत.

* * *

आता जरा भिंतीची भानगड सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. या जुन्या भिंती बाहेरून भक्कम दिसतात, पण त्या एक भिंत नसतातच. बाहेरच्या अंगाला दगड, आतल्या अंगाला दगड, आणि मध्ये चुरा भरलेला. जमीन हलली की दोन्ही अंगं एकमेकांना सोडतात आणि पोट फुगून भिंत बसते. उपाय काय, तर जागोजागी लांब आरपार दगड घालायचे, दोन्ही अंगांना एकत्र धरून ठेवणारे. शिवाय खिडक्यांच्या वर सगळ्या रांगेला फिरून, भिंती एकत्र बांधून ठेवणारा एक पट्टा द्यायचा. मिस्त्री म्हणायचे, नवराबायकोला धरून ठेवणारं पोर असतं ना, तसा हा दगड.

चौथ्या खोलीची भिंत अशी फुगली होती की उतरवूनच परत बांधायची होती. पण जुनी वास्तू, तेव्हा प्रत्येक दगड जिथला तिथे बसला पाहिजे. त्यासाठी मॅडमची विद्यार्थिनी तन्वी आली. ठाण्याची पोरगी, कामाला वाघीण. नऊ दिवस उन्हात उभी राहून तिने एकेक दगडावर खडूने नंबर घातला आणि कागदावर नकाशा काढला. भिंत उतरवली, दगड अंगणात ओळीने मांडले. तन्वी समाधानाने जेवायला गेली.

ती जेवून येते तर सगळे दगड न्हाऊनधुऊन चकचकीत! नंबर एकाही दगडावर नाही.

झालं होतं असं, की मिस्त्रींनी यमुनेला सांगून ठेवलेलं, की चुन्यात दगड घालायचा तर धुतल्याशिवाय घालायचा नाय, धूळ असली की चुना धरत नाय. बोलले ते शंभर टक्के खरं. यमुनेने वाडीवरच्या चार बाया घेतल्या, नारळाच्या काथ्याने एकेक दगड घासून पुसून काढला. वर तन्वीला सांगतेय, "बघ गो, कोणी पोरांनी सगळ्यांवर रेघोट्या मारल्या व्हत्या. साफ केल्या."

तन्वी मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. समितीला दोनच महिने उरले होते. यमुनेला काय झालं ते कळलं तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. तिने पदर खोचला आणि दगडांमधून फिरायला लागली. मिस्त्री तिच्या मागोमाग. "हा नाकाड्या दाराच्या डाव्या अंगाला व्हता." "ही जाडी खिडकीखालची." "हा म्हातारा कोपऱ्यातला, ह्याच्यावर पाली बसायच्या." भिंत उतरवताना एकेक दगड त्यांच्याच हातांतून गेलेला. दोघांनी अंगणात आडवी भिंत मांडून दाखवली. तन्वी भिंत उतरवण्याआधी काढलेला फोटो हातात धरून एकेक दगड ताडून बघत होती. संध्याकाळपर्यंत अख्ख्या भिंतीत चार दगड चुकले. त्यातल्या दोन दगडांवरून मिस्त्री अजून भांडतात, की फोटो चुकीचा आहे.

तन्वीने त्यानंतर नंबर ऑइलपेंटने घातले, दगडाच्या पाठीमागे. आणि नकाशात नंबरांशेजारी नाकाड्या, जाडी, म्हातारा अशी नावंही लिहिली. तो नकाशा म्हणे विद्यापीठात लावलाय.

* * *

पेणचा विन्या म्हणजे पिढीजात गणपतीच्या मूर्तींचा कारखानदार. माझा जुना दोस्त. चाळीच्या प्रत्येक दारावर चुन्याचा एक सिंहाचा मुखवटा होता, त्यातले चार गळून पडलेले. मॅडमना म्हटलं, मुखवटे करायचे तर पेणला सोडून जगात कुठे जायचं? विन्या आला, उरलेल्या सिंहांचे फोटो काढून घेऊन गेला, पंधरा दिवसांत चार सिंह घेऊन आला.

मॅडमनी ते हातात घेतले. "विनायकराव, हे सिंह आहेत?"

आयाळ होती, जबडा होता, सगळं होतं. पण डोळे असे मायाळू, की सिंह आता आशीर्वाद देईल आणि मोदक मागेल! विन्या ओशाळला. म्हणाला, तीनदा आखले मॅडम, पण पन्नास वर्षं हाताला एकच डोळा माहीत, राग येतच नाही त्यात. परत करून आणतो म्हणून तो उचलायला लागला तर यमुना मध्ये पडली. म्हणाली, असू द्या की, हिथं पोरी ऱ्हाणार, रागीट कशाला हवा? सिंह तसेच बसले. आजही बघा, बारांतले चार सिंह वेगळे ओळखू येतात.

पण विन्याचा खरा किस्सा पुढचा आहे.

समितीला दाखवायला मॅडमना पुरावा हवा होता. मिस्त्रींनी चाळीच्याच दगडचुन्याच्या दोन छोट्या भिंती बांधल्या, गुडघ्याएवढ्या. एक जुन्या पद्धतीची, दुसरी आरपार दगड आणि पट्टा घातलेली. मुंबईच्या प्रयोगशाळेत एक हलणारं टेबल असतं, त्यावर दोन्ही ठेवून खोटा भूकंप द्यायचा. महत्प्रयासाने तारीख मिळाली होती. समिती त्यानंतर आठ दिवसांनी. ही तारीख हुकली तर पुढची एकदम पावसाळ्यात.

माल मुंबईला न्यायचा कसा? विन्या छाती काढून म्हणाला, माझा टेम्पो, माझा पेंढा, माझं पॅकिंग. आमच्या मूर्ती साता समुद्रापार जातात, उंदराची शेपटीसुद्धा मोडत नाही. दोन्ही भिंतींना त्याने तान्ह्या बाळासारखं पेंढ्यात गुंडाळलं. तन्वीने टेम्पोच्या फळीवर ते साबणाच्या वडीएवढं यंत्र बसवून दिलं, मुंबईला लागणार होतं म्हणून. मी विन्याच्या शेजारी बसलो आणि निघालो.

नागोठण्याला हायवेला लागलो. आमचा हायवे तुम्हाला माहीतच असेल. माहीत नसेल तर एकदा या, पण येताना पोटभर जेवून येऊ नका. विन्या खड्डे चुकवत होता, पण एक चुकवला की दुसरा वाट बघत असायचा. गडबला आलो तेव्हा म्हटलं, बाबा, माझं गाव आलं, चहा घेऊ आणि मालावर एक नजर टाकू.

ताडपत्री वर केली. एक भिंत उभी. दुसरीच्या जागी दगडांचा ढीग.

विन्या टपरीच्या बाकावर बसला तो बसलाच. चहा पुढे आला, गार झाला. आयुष्यात माल फुटायची ती त्याची पहिलीच खेप. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, की भाऊ, असाच पेणला माझ्या कारखान्यात घेऊ, दुपारपर्यंत परत उभी करून देतो, कुणाला पत्ता लागणार नाही. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मी हो म्हणणार होतो. यमुनेचा चेहरा डोळ्यापुढे आला होता. पण पाठोपाठ सबनीस मॅडमचाही आला. शेवटी ताकाला जाऊन भांडं किती लपवणार? मी फोन लावला.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, कुठली पडली?

"जुन्या पद्धतीची."

"आणि दुसरी?"

"दुसरी उभी आहे. एक कपचीसुद्धा उडालेली नाही."

"पेंढा दोन्हींना सारखाच होता? विनायकरावांना विचारा."

विन्या गणपतीची शप्पथ घेऊन म्हणाला, सारखाच.

मग मॅडमनी हळूच विचारलं, "भाऊ, ते यंत्र चालू आहे का हो?"

मी वाकून बघितलं. हिरवा दिवा लुकलुकत होता. तन्वी ते बंद करायला विसरली होती.

मॅडम म्हणाल्या, कशालाही हात लावू नका, फोटो काढा आणि तसेच परत या. प्रयोगशाळेची तारीख गेली. परत येताना विन्याने टेम्पो बैलगाडीच्या वेगाने चालवला.

* * *

समिती आली. तीन माणसं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त इंजिनिअर, उंचेपुरे, चेहऱ्यावर सुरकुती हलायची नाही. पहाटेच मुंबईहून निघून त्याच हायवेने आले होते, त्यामुळे गाडीतून उतरताना एक हात कमरेवर होता. त्या सकाळी आमच्यातल्या कुणी धड न्याहारी केली नव्हती. यमुना सकाळपासून चुना कालवत होती, खरं तर त्या दिवशी चुन्याचं काहीच काम नव्हतं.

मॅडमनी आधी दोन्ही भिंतींचे फोटो दाखवले, मग लॅपटॉपवर आलेख. अध्यक्षांनी चष्मा वर केला, खाली केला. आलेखाच्या एका उंच टोकावर बोट ठेवलं.

"हा कुठल्या भूकंपाचा?"

"नागोठणे ते गडब, सर."

बाकीचे दोघे हसू दाबायला खोकले. अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, रस्ता म्हणजे भूकंप नव्हे, हे मी पुरावा म्हणून धरू शकत नाही. मॅडम म्हणाल्या, मान्य आहे सर, म्हणून बाकीची गणितं आणली आहेत. मग अध्यक्षांनी ती गणितं एकेक ओळ वाचली. सहाही खोल्या फिरले. शिडीवर चढून पट्टा बघितला. मिस्त्रींना बोलावून आरपार दगड कुठे कुठे आहेत ते विचारलं, आणि मॅडमची हातोडी मागून घेऊन स्वतः वाजवून ऐकलं. दोन तास गेले. साडेदहाची मालगाडी येऊन गेली, तेव्हा ते भिंतीला पंजा टेकून उभे राहिले. आम्ही सगळे अंगणात, परीक्षेच्या निकालाला उभी राहिलेली पोरं जशी.

शेवटी ते बाहेर आले. कागद बंद केले.

"गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "कामही बरोबर आहे. पण मी सही केली की इथे मुली राहणार. लोकांच्या मुली. नुसत्या गणितावर सही करायला मला काही वाटत नाही, आणि असं काही वाटत नाही याचीच भीती वाटते. मला खरं सांगा, तुमच्यापैकी कुणी स्वतःची मुलगी इथे ठेवेल?"

मॅडमना मूलबाळ नाही. माझी पोरगी लग्न होऊन पेणला. मिस्त्रींना तिन्ही मुलगेच. मॅडम काहीतरी बोलायला तोंड उघडतायत, तेवढ्यात मागून घमेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. यमुना हात पदराला पुशीत पुढे आली.

"माझी ऱ्हाणार हाय," ती म्हणाली.

अध्यक्षांनी तिच्याकडे बघितलं. चुन्याने कोपरापर्यंत पांढरे झालेले हात बघितले. "तुम्ही इथे काम करता?"

"व्हय. ह्या समद्या भिंतींतला चुना मीच कालवलाय." मग थोडं थांबून तिने रांगेकडे बोट दाखवलं. "तीन नंबरची द्या, सायेब. तिच्यात उजेड हाय. पोर वाचत बसते."

अध्यक्ष चालत तीन नंबरच्या खोलीत गेले, एकटेच. आतून खिडकी उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने बाहेर आले, माझ्याकडे पेन मागितलं, आणि गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागले. लिहून झाल्यावर कागद मॅडमच्या हातात दिला, यमुनेला नमस्कार केला आणि गाडीत बसले. गाडी वळणाआड जाईपर्यंत कागद वाचायची कुणाची हिंमत होईना.

मग मॅडमनी वाचला. वर त्यांच्या भाषेतलं बरंच काही होतं, पट्टा, दगड, जोडणी, आणि बाराही खोल्यांना मंजुरी. त्याखाली सही. आणि सहीच्याही खाली, 'इतर शेरा' असं छापलेलं असतं तिथे, स्वच्छ अक्षरात एकच ओळ:

"खोली क्रमांक तीन राखीव."